बाजूचं कापड

लग्नाआधी मी दोन वर्षं नाचाच्या क्लासला गेले होते. कोल्हारजवळच्या ज्या शाळेत मी शिकवायचे, तिथे तेवढंही कुणाचं झालं नव्हतं, म्हणून दरवर्षी गॅदरिंगचा नाच बसवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी स्वतःला नृत्यातली जाणकार समजू लागले.

माझी पद्धत एकच. माझ्याकडे बघा, मी करते तसं करा. गाण्यात काय चाललंय, हे मुलींना कळायची गरज नाही. कार्यक्रमातसुद्धा मी स्टेजच्या कडेला, कापडाच्या आडोशाला उभी राहून अख्खा नाच करायची आणि बारा मुली माना वळवून माझ्याकडे बघत नाचायच्या. समोरच्या लोकांना नाच कमी आणि बारा कान जास्त दिसायचे.

त्या वर्षी सातवीतली एक मुलगी माझ्याकडे बघेचना. नजर समोर, लक्ष गाण्यात. मध्येच थबकायची.

"बाई, हितं ढोलकी थांबती," ती म्हणाली.

"ढोलकीला थांबू दे. तू थांबू नकोस."

ती थांबतच राहिली. तिचं बरोबर होतं हे आज कळतं. तेव्हा मला तो उद्धटपणा वाटला. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी मी तिला नाचातून काढलं आणि बाजूचं कापड धरायला उभं केलं. तिच्या आईने नाचासाठी शिवलेलं परकर-पोलकं दुसऱ्या मुलीला द्यायला लावलं, तेही मीच. तिने घडी घालून दिलं.

ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून स्टेज केलं होतं. गाणं लागलं तशी मीही सुरू झाले. लोक हसायला लागले. मला वाटलं, नाच रंगला, म्हणून मी आणखी जोर लावला. तेवढ्यात त्या मुलीने कापड सर्रकन ओढून माझ्यापुढे आणलं. मी दिसेनाशी झाल्याबरोबर मुली जागच्या जागी उभ्या राहिल्या. गाणं एकटंच वाजत राहिलं.

मी बाहेर येऊन तिच्या थोबाडीत मारली. तिची आई पहिल्याच ओळीत बसली होती.

सगळं आवरताना शाळेतल्या शिपाईमावशी म्हणाल्या, "बाई, त्या पोरीला कामून मारलं? नाचता नाचता तुमीच कापडाच्या भाईर आल्ता. लोकं तुमाला हसत हुते. तिनं झाकलं तुमाला."

दुसऱ्या दिवशी ती वर्गात समोरच बसली होती. मी तिला उभं केलं, घसा साफ केला आणि नऊचा पाढा विचारला. तिने तो बिनचूक म्हटला. मी 'बस' म्हणाले. पुढे माझी बदली झाली.

आता भिंगारमध्ये राहते. दुपारी घरातच चार मुलींना नाच शिकवते. गेल्या वर्षी एक बाई आपल्या लेकीला घेऊन दारात आली.

"बाई, वळखलं का?"

चांगलं ओळखलं होतं. तरी म्हणाले, "नाही गं."

"कापडवाली मी." ती हसली. "हिला शिकवा. फकस्त तुमी नाचू नका, राग मानू नका. गाणं लावा आन् गप बसा."

मी ते ऐकलं. या वयात कुणाचं तरी ऐकायला शिकले म्हणायचं. आता पहिले आठ दिवस मुली नुसतं गाणं ऐकतात. कुणाला वाटलं तर टाळी, कुणाला वाटलं तर पाऊल. मी खुर्चीत, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसते. मोकळे सोडले तर ते शिकवायला लागतात. तिची लेक ढोलकी थांबते तिथे थांबते, आणि मी गप्प राहते. शिकवण्याबद्दल मला कळलेलं सगळं एवढंच आहे.

क्लास सुटला की कापडवाली लेकीला न्यायला फाटकापाशी गाडी लावून उभी असते. तेव्हा मी तुला उगाच मारलं, चूक माझीच होती, हे आज सांगायचंच, असं ठरवून मी फाटकापर्यंत जाते. ती बघते. मी म्हणते, "उद्या हिच्याबरोबर पाण्याची बाटली दे."

"व्हय बाई," ती म्हणते आणि गाडी सुरू करते.