फोल्डरवरचा बाण

अक्कलकोट रोडवरच्या टॉवेल कारखान्यांत संगणक बिघडला, की पहिलं नाव निघायचं ते चन्नप्पाचं. तरुणपणी तो जेकॉर्ड मागासाठी डिझाइनची पुठ्ठ्याची कार्डं पंच करायचा. कार्डं गेली, डिझाइन संगणकात शिरलं, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्या चन्नप्पानं ही नवी विद्या पोरांच्या मागं बसून शिकून घेतली. इंग्रजी जेमतेम, पण लक्षणं ओळखण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. जाहिराती आपोआप उड्या मारत असल्या, तर दुखणं किरकोळ. काम काही नसताना पंखा घरघरतोय, म्हणजे कुणीतरी लांबून आपलं मशीन स्वतःच्या घाण्याला जुंपलंय. आणि फायली कुलूपबंद होऊन पडद्यावर खंडणीची चिठ्ठी आली, तर तो सरळ हात जोडायचा. "आधी वायर काढा. ह्याला माझ्याकडं औषध न्हाय."

शुक्रवारी मल्लेशशेठच्या कारखान्यातून फोन आला. डिझाइनच्या प्रत्येक फोल्डरवर छोटा बाण उमटला होता. पेनड्राइव्हवरून डिझाइन मागाला द्यावं, तर मागाला ते सापडेना. आठ माग सकाळपासून उभे होते.

चन्नप्पानं बघितलं आणि ओळखलं. "वर्म नावाचा व्हायरस हाय. खरी फोल्डरं लपवतंय आन् त्याच नावाचे खोटे शॉर्टकट मांडून ठेवतंय. आपण उघडायला जातो आन् त्यालाच चालवतो. डिझाइनं गेली न्हाईत, शेठ. लपल्यात."

"पण आलं कुठनं?"

"बाहेरचा पेनड्राइव्ह. दुसरं काय!"

मल्लेशशेठनं प्रभूकडं बघितलं. प्रभू डिझाइनच्या संगणकावर बारा वर्षं बसत होता. बुधवारी त्यानं स्वतःचा पेनड्राइव्ह लावून गाणी वाजवली, ती सगळ्या खात्यानं ऐकली होती.

"शेठ, त्यात नुसती भजनं हायत," प्रभू म्हणाला.

"मग देवच व्हायरस घेऊन आला म्हणायचं! सोमवारपासनं घरीच बसून ऐक की भजनं."

माणसं हसली. चन्नप्पा लपलेली फोल्डरं बाहेर काढत होता. मालक-नोकराच्या भांडणात आपण कशाला पडा, असं म्हणून तो काम उरकून निघून आला.

शनिवारी सकाळी नव्या पेठेतल्या लग्नपत्रिकांचं दुकान चालवणाऱ्या उत्कर्षाचा फोन. गेला तर तिथंही तेच बाण.

"पेनड्राइव्ह कुणी लावला होता, बाई?"

"कुणी नाही, काका. गिऱ्हाईक सगळं व्हॉट्सॲपवरच पाठवतंय की. सोमवारी तुम्ही जाहिराती काढायला आलात, तेव्हा तुमचा तेवढा लागला."

ती सहज बोलून गेली. चन्नप्पानं खिसा चाचपला. सोमवारी तिच्याकडून निघून तो मल्लेशशेठकडंही जाहिरातींच्याच कामाला गेला होता, आणि खिशात हाच पेनड्राइव्ह होता.

घरी येऊन त्यानं लपलेल्या फायली दाखवायला लावून पेनड्राइव्ह उघडला. औषधाच्या प्रोग्रॅमांच्या मधोमध त्या वर्मची फाइल ऐटीत बसली होती. तारीख आदल्या रविवारची, मोडनिंबच्या एका दुकानातलं मशीन साफ केलं त्या दिवसाची. तिथली घाण काढता काढता ती सोबत घेऊन तो गावभर हिंडला होता.

जेवण समोर येऊन गार झालं. गप्प बसलं तर कुणाला कळणार? प्रभूनं पेनड्राइव्ह लावला हे तर खरंच. आपण सांगितलं तर उद्या दारात कोण उभं करील? पण सोमवार परवावर आला होता. परवा त्या खुर्चीवर दुसराच माणूस बसला असता. चन्नप्पानं चपला घातल्या.

मल्लेशशेठच्या कारखान्यात, मागांच्या खात्यात सगळी माणसं होती. त्याला वाटलं, केबिनमध्ये सांगावं. पण प्रभूला बोलणी खावी लागली ती इथं, सगळ्यांसमोर.

"शेठ, प्रभूचा दोष न्हाय. घाण मी आणली. माझ्याच पेनड्राइव्हमधनं."

मल्लेशशेठ जागचा उठला. "म्हणजे डॉक्टरच रोग वाटत फिरतोय! आणखी कुठं कुठं वाटलास?"

"आणखी चार ठिकाणी. समद्यांना जाऊन सांगणार हाय."

"जा, सांग. आणि आमच्याकडं आता येऊ नकोस, अण्णा. दुसरा माणूस बघतो आम्ही." मग तो प्रभूकडं न बघताच म्हणाला, "सोमवारी ये रे."

कुणी हसलं नाही. चन्नप्पा फाटकाशी पोचला, तोवर प्रभू मागून आला. त्याचे आभार ऐकायची वेळ येऊ नये, असं चन्नप्पाला वाटत होतं. ती आलीच नाही.

"घरी चला, अण्णा."

"कशाला?"

"बायकोला तुमीच सांगा. काल रात्री मी शपथा घेतल्या, तरी तिचा इस्वास बसंना. म्हणते, बारा वर्षांचं काम कुणी उगं काढून घेतंय व्हय? सासऱ्याला फोन करून बोलावून घेतलंय तिनं. ते बी बसल्यात घरात."

"बाकीची चार ठिकाणं..."

"ती मागनं करा."

प्रभूनं गाडीला किक मारली. चन्नप्पा मागं बसला.