सुया, ब्राह्मी आणि शिमग्याची पालखी

आमचा कुत्रा बारा वर्षांचा झाला आणि त्याला फिट येऊ लागली. उभ्याउभ्या आडवा व्हायचा, चारही पाय सायकल चालवल्यासारखे, तोंडाला फेस. दोन मिनिटांनी उठायचा आणि आमच्याकडे असा बघायचा, जणू लाजिरवाणं काही आम्हीच केलं होतं.

पोलादपूरच्या वरच्या आमच्या वाडीत फेस म्हणजे पिसाळलेला. शेजारचे धाकटे काका काठी घेऊनच आले.

"पिसाळला नसंल, पण शिमग्याला पालखी अंगणात येनार. देवापुढं हा असा पडला तर? त्याआधी घाटात सोडून ये."

शिमग्याला दीड महिना होता.

महाडच्या जनावरांच्या डॉक्टरांनी सकाळ-संध्याकाळ गोळी दिली. एकही चुकवायची नाही, असं बजावलं. त्यांनीच नाते गावातल्या एका निवृत्त डॉक्टरांचा पत्ता दिला. ते जनावरांना अ‍ॅक्युपंक्चरच्या सुया टोचत. दर रविवारी आमची स्वारी भाड्याच्या जीपमधून निघे. डोक्यावर, पाठीवर, पायांवर केसासारख्या बारीक सुया. पहिल्या खेपेला मी घाबरून डोळे मिटले. उघडले तर पेशंट घोरत होता.

तिसऱ्या रविवारी डॉक्टर म्हणाले, "चिमूटभर ब्राह्मीही द्या, तुपातून. पण मुख्य गोळीच. सुया आणि पाला तिच्या मदतीला."

आईने ओढ्याकाठची ब्राह्मी निवडून आणली, तुपात कढवली. आठवडा छान गेला. आणि एका दुपारी लागोपाठ तीन फिट!

गोळ्या देणं आईकडे होतं. मी घरभर पोलिसासारखा शोधत फिरलो. आईच्या मिसरीच्या डबीत चौदा गोळ्या सापडल्या.

"आई, हे काय?"

"अरे, गावठी औषद आनि इंग्रजी औषद एका पोटात भांडतात. एकाला सुट्टी दिली."

"कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला पायजे? सगळ्यांना म्हायत हाय." पथ्य म्हणून तिने त्याची सुकटही बंद केली होती. मग ती कुत्र्याशेजारी खाली बसली. "म्हंजे मीच त्याला पाडत होते काय रे?"

त्या दिवसापासून स्वतःच्या चहाआधी ती त्याला भाकरीच्या तुकड्यातून गोळी द्यायची. सुकटही परत आली. रविवारच्या सुया चालूच होत्या. फिट आली नाही, पण शिमगा आला.

ढोल अंगणात शिरले. काका कुत्र्याजवळ काठी टेकून उभे. आईचा हात त्याच्या पाठीवर. पालखी नाचू लागली आणि कुत्र्याचा मागचा पाय थडथड हलायला लागला. मी पुढे धावलो. ढोलवाल्यांचाही ठेका चुकला.

काका वाकले, निरखून बघितलं आणि ओरडले, "खाजवतोय, वहिनी! नुसता खाजवतोय!"

अख्खं अंगण हसलं. घाटाचं नाव नंतर कुणी काढलं नाही. पुढे दोन-तीन महिन्यांतून एखादी फिट यायची, पण त्याने आणखी दोन शिमगे अंगणात काढले.

त्या शिमग्यानंतरच्या पहिल्याच रविवारी जीपमध्ये कुत्र्याशेजारी काका आधीच बसलेले.

"गुडघा धरलाय. दोन सुया मला पन टोचून घेतो."

"काका, ते जनावरांचे डॉक्टर आहेत."

"मग? चल, गाडी सोड."