इर्जिकीला बोलावलेली फौज

भोकरदनच्या स्टँडमागच्या सायबर कॅफेत मी पहिला मार खाल्ला तो कीबोर्डाचा. मारणारा कॉलेजातला एक चष्मेवाला होता. वायर तुटेपर्यंत त्याने तो माझ्या टाळक्यात हाणला. बटणं खोलीभर उडाली, त्यातली लांबोळकी पट्टी माझ्या कॉलरीतून आत गेली आणि घरी अंघोळीच्या वेळी सापडली. कारण एवढंच, की आदल्या दिवशी मी त्याचं शहर जाळलं होतं.

खरं नव्हे, इंटरनेटवरच्या खेळातलं. त्यात प्रत्येकाला एक ओसाड जागा मिळायची. तिथे खाणी, शेतं, तट उभारायचे, फौज पाळायची, आणि शेजाऱ्याची नजर चुकली की त्याला लुटायचं. इतर ठिकाणी हा खेळ लोक कसा खेळत माहीत नाही, आमच्याकडे शत्रू पाठीला पाठ लावून बसत. तिकडे चष्मेवाला आणि त्याचे दोन साथीदार. इकडे आम्ही चौघं: डी.एड. करून नोकरीची वाट पाहणारा मी, जालना रस्त्यावर काळीपिवळी जीप चालवणारा माझा शाळेपासूनचा दोस्त, आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान असलेले दोघे भाऊ. युतीचा अध्यक्ष मी. घरी मला कुणी काही विचारत नसे, आज भाजी कोणती करू एवढंसुद्धा. कॅफेत मात्र मी मान हलवल्याशिवाय एक घोडा जागचा हलत नव्हता.

तर कीबोर्डाच्या त्या मारामारीत मी चष्मेवाल्याला कंबरेत धरून उचलला आणि मॉनिटरवर आदळला. मॉनिटर फुटला. कॅफेवाल्या शेठने शटर अर्धं ओढलं आणि आम्हा सगळ्यांना भिंतीला उभं केलं. या खेळात शेवटी काय करायचं असतं, असं त्याने विचारलं. मनोरा बांधायचा असतो, आम्ही म्हणालो.

"मंग ज्यांचा मनोरा आधी होईल ते इथं बसतील," शेठ म्हणाला. "दुसऱ्यांनी माझी पायरी चढायची न्हाई."

गावात आणखी एक कॅफे होता, पण तिथे एक पान उघडेपर्यंत चहा पिऊन यावं लागे. म्हणजे हरलो की आमचा खेळ संपला, आणि मी पुन्हा भाजी न विचारला जाणारा माणूस.

मनोऱ्याला दगड इतका लागायचा, की एकट्याच्या खाणीने जन्म गेला असता. म्हणून मित्रांनी त्यात दगड घालायचा, आणि ज्याने जेवढा घातला त्याला अर्धवट मनोराही रोज जो दगड देई त्यात तेवढा वाटा, असा खेळाचाच नियम होता. कॉलेजवाले तिघं एकमेकांच्या शहरांत थोडा थोडा घालत, वाटा आला की तोच पुन्हा घालत. तिघांची शहरं सारखीच, मुंगीच्या पावलाने वाढत होती. मला ही चाल अगदी बायकी वाटली. त्या काळी मी असलं बोलतही असे. मी म्हणालो, आपण इर्जिक घालू.

इर्जिक आमच्या तिन्ही घरांनी घातलेली. कुणाची नांगरट अडली की गावातले लोक आपापल्या बैलजोड्या घेऊन त्याच्या रानात उतरतात, दिवसात रान उलथून टाकतात, आणि रानमालक सगळ्यांना पोटभर जेवू घालतो. तसाच सगळ्यांचा दगड एकाच शहरात ओतायचा. कुणाच्या? अध्यक्षाच्या, आणखी कुणाच्या. मनोरा उठताना दिसला की कॉलेजवाले तुटून पडणार, म्हणून दगडाबरोबर प्रत्येकाने आपली सगळी फौजसुद्धा माझ्या तटावर आणून उभी करायची.

एक अडचण होती. पाहुणी फौज ज्याच्या शहरात उतरते त्याचंच धान्य खाते. धाकटा भाऊ म्हणाला की आम्ही फौजेसोबत धान्याच्या गाड्याही पाठवतो. मला ते फार लागलं.

"इर्जिकीला आलेला माणूस भाकर बांधून आणतो का?" मी म्हणालो. "माझ्या रानात आलात, माझं खा."

"तुह्या कोठारात हाय का तेवढं?" दोस्ताने विचारलं.

"तू जेवायला येऊन राह्यला का झडती घ्यायला?"

असं म्हटल्यावर आमच्याकडचा माणूस पुढे बोलत नाही. त्यानेही मुकाट्याने वर्षभर जमवलेली फौज पाठवून दिली. भाले, धनुष्यं, आणि त्याचे लाडके घोडेस्वार, ज्यांच्यासाठी तो भर ट्रिपमधून सवाऱ्या खोळंबवून ठेवून कॅफेत डोकावून जायचा. भावांचीही फौज आली. माझा तट माणसांनी काळा झाला. धान्य कमी पडलं तर संध्याकाळी आसपासची दोन-चार शहरं लुटू, असा माझा बेत होता.

दुपारी डीपी जळाला. लाइट गेली ती गेलीच. इन्व्हर्टरने थोडा वेळ तग धरला आणि तोही मेला. आम्ही बेफिकीर होतो, कारण अंधार कॉलेजवाल्यांनाही होता.

दुसऱ्या दिवशी लाइट आली तेव्हा दोन्ही टोळ्या एकदमच आत घुसल्या. मी पान उघडलं. मनोरा शेवटच्या थरापर्यंत उठला होता, भोवती दगडाच्या राशी होत्या, आणि तटावर कुणीच नव्हतं. आमची लाइट गेली तरी खेळ दूरच्या कुठल्याशा कॉम्प्युटरवर चालूच होता, आणि कोठार रिकामं झाल्यावर फौज कशी मेली ते खेळाने ओळीने लिहून ठेवलं होतं. आधी घोडेस्वार, कारण ते जास्त खातात. मग भालेवाले. शेवटी माझे स्वतःचे पहारेकरीसुद्धा. एकाच्याही अंगाला बाण लागला नव्हता.

दोस्त मागे येऊन उभा राहिला. "घोडे कुठंयत?"

"मेले."

"कोणी मारले?"

"कोणी न्हाई. उपाशी मेले."

तो डावखुरा आहे हे ऐन वेळी विसरलो. पहिला ठोसा उजव्या हाताचा येईल म्हणून मी त्याच्या डाव्या बाजूला झुकलो आणि स्वतःहून त्याच्या मुठीवर गेलो. समोरचा दात तिथेच पडला. मी खुर्चीसकट मागे गेलो तर थोरल्या भावाने खुर्ची काढून घेऊन तीच माझ्या पाठीत घातली. धाकटा अडवायला आला असावा, पण मला ते उमगेपर्यंत मी त्याच्या मनगटाला चावलो होतो. मग तोही सुरू झाला. फरशीवर रक्त, तंबाखूची पुडी, माझी चप्पल. दोस्त माझ्या छातीवर बसून एकेका घोड्याचा हिशेब घेत होता.

पडल्या पडल्या मला वरचं दिसत होतं. कॉलेजवाल्या तिघांनी आपापले पाय खुर्चीवर घेतले होते, म्हणजे आम्हाला खाली लोळायला जागा व्हावी. त्यांनी माझं उघडं पान पाहिलं होतं. आमच्या एकाही शहरात शिपाई उरला नव्हता, आणि अंतर जवळचं. त्यांची फौज पोचायला चहा थंड होण्याइतका वेळ लागायचा. आमची मारामारी त्याहून लांबली. आधी भावांची शहरं जळाली, मग दोस्ताचं. माझं त्यांनी जाळलं नाही. माझ्याकडचा सगळा दगड उचलून नेला आणि आपल्यातल्या एकाच्या मनोऱ्यावर चढवला.

"झाला," चष्मेवाला म्हणाला, आणि स्क्रीन शेठकडे वळवली.

शेठने आम्हाला एकेक करून बाहेर काढलं. मला काढताना जरा हात लावून, कारण मला नीट उभं राहता येत नव्हतं. भाऊ मागे न पाहता दुकानाकडे गेले. दोस्ताची जीप भरलेली होती, सवाऱ्या कधीच्या बोंबलत होत्या. मी रुमाल तोंडाला धरून कडेला उभा राहिलो. त्याने किल्ली फिरवली, गियरला हात घातला आणि शिवी हासडून मागे घेतला. डावा हात सुजून टम्म झाला होता.

"बस," तो समोर बघत म्हणाला. "क्लच मी दाबतो, गियर तू टाक."

मी शेजारी बसलो. मागच्या एका म्हाताऱ्याने माझ्या शर्टावरचं रक्त पाहून विचारलं, काय झालं बाबा, ॲक्सिडेंट?

"न्हाई," दोस्त म्हणाला. "रानाचं भांडण."

म्हाताऱ्याचं समाधान झालं. राजूर येईपर्यंत आम्ही एवढंच बोललो: तो म्हणायचा दुसरा, की मी दुसरा टाकायचो, तो म्हणायचा तिसरा, की मी तिसरा.