सरळ खिळे

रे रोडला आमच्या बंदराच्या ऑफिसच्या भिंतीला टेकून एक म्हातारा रोज बसतो. बोटींवरून आलेली लाकडी खोकी उचकटायची, त्यांतले वाकडे खिळे रुळाच्या तुकड्यावर ठोकून सरळ करायचे, हा त्याचा धंदा. ठोकण्याआधी प्रत्येक खिळा तो एक डोळा मिटून बघतो. त्याच्या फळ्या नि खिळ्यांवर घोडपदेवच्या खोल्यांतले कितीतरी पोटमाळे उभे आहेत. आमचे मोठे साहेब मात्र त्यालाच कचरा म्हणतात.

परवा याच साहेबांनी ‘बंदरातली कुठलीच वस्तू वाया जाऊ नये’ या विषयावर परिषद भरवली. त्यासाठी कोऱ्या प्लायवूडचं स्टेज बांधलं. दोन तास भाषणं झाली, मीही टाळ्या वाजवल्या, आणि संध्याकाळी ते अख्खं स्टेज फोडून कचऱ्याच्या गाडीत भरलं! लाज कशी वाटली नाही आम्हाला?

म्हाताऱ्याने गाडी थांबवली. एका फळीतला खिळा उपटला, सवयीने एक डोळा मिटून बघितला आणि उचललेली हातोडी खाली ठेवली.

“साहेब,” तो मला म्हणाला, “हा तर अजून वाकलापण नाय.”