जावईबापूंचा हिरवा झेंडा
कुठल्याही खोलीत शिरलं की आधी बाहेर पडायचा रस्ता शोधणारा जावई अख्ख्या बडोद्यात एकच असेल, आणि तो देवानं आमच्या घरात दिला. माझ्या भाचीचा नवरा. गोरव्याच्या एका कारखान्यात सेफ्टी ऑफिसर. साखरपुड्यात सगळे नवऱ्या मुलीकडे बघत होते, तर हे हॉलच्या मागच्या दाराची कडी निघते का ते बघत होते. पहिल्या दिवाळीला माझ्याकडे आले, तेव्हा मी चकल्या तळत होते. माझ्या पदराकडे असं रोखून बघितलं की मी आपसूक तो कमरेला खोचला. "आता द्या, मावशी, फराळाचं," म्हणाले. माणूस वाईट नाही हो. पण ह्यांच्या शेजारी बसलं की आपण कुठल्याशा अपघातातून नुकतेच वाचलो आहोत असं सारखं वाटत राहतं.

त्यांची लेक रेवा. तिला ऑटिझम आहे हे लहानपणीच कळलं होतं. बोलणं मोजकं, चित्रं भरपूर, आणि कर्कश आवाजाचं भारी भय. शाळेची घंटा झाली की पोर कान दाबून बाकाखाली. तिसरीत होती तेव्हा शाळेनं सांगितलं, पुढच्या वर्षी हिला दुसरीकडे घाला. जन्मभर लोकांना बाहेरचा रस्ता दाखवणाऱ्या माणसाला कुणीतरी पहिल्यांदाच तो दाखवला, आणि गृहस्थ हलायलाच तयार नाहीत! "घंटा बदला," म्हणाले. प्रिन्सिपॉलबेन म्हणाल्या, "भाई, घंट तो वागवानो ज." म्हणजे घंटा वाजणारच, विषय संपला.

संपतो कुठला! ह्यांनी शाळेतल्या अशा वेगळ्या मुलांचे आईबाप गोळा केले, निजामपुऱ्यात आपल्याच दिवाणखान्यात पालक समिती काढली, आणि अध्यक्ष कोण ह्यावर चर्चा सुरू व्हायच्या आत स्वतःच झाले. मला आजी-प्रतिनिधी केलं. दर शनिवारी सभा. आधी घराची दोन्ही दारं दाखवायची, मग विषय. आणि नियम एकच: मुलांना बिचारा-बिचारी म्हणायचं नाही. म्हणेल त्यानं पुढच्या सभेला सगळ्यांसाठी सेव-उसळ आणायची. पहिल्याच सभेत मी तोंड उघडलं, "अहो, पण ती बिचारी पोर..." जावईबापूंनी अगदी शांतपणे विचारलं, "मावशी, तिखट आणाल की मध्यम?" गुजरातीतलं बिचारंही धरलं जाई. प्रिन्सिपॉलबेन एकदा आम्हांला समजावायला आल्या आणि बोलण्याच्या भरात इतक्यांदा चुकल्या, की पुढे कित्येक शनिवार त्यांना उसळ घेऊन यावं लागलं. येऊन येऊन बाई त्या घरात रुळल्या. एके दिवशी म्हणाल्या, "ठीक छे. एक आठवडा घंटा बंद. पण तास संपला हे मुलांना कळवायचं कुणी? गोंधळ झाला तर रेवाचा दाखला घेऊन जायचं."

"मी कळवीन," जावईबापू म्हणाले.

रजा टाकली, आणि डोक्यावर हेल्मेट, हातात कारखान्यातला हिरवा झेंडा अशा थाटात वर्गावर्गाच्या दारात जाऊन झेंडा हलवू लागले. पहिल्या दिवशी वरच्या मजल्यावर पोचेपर्यंत खालचा पुढचा तास संपायला आलेला. चौथीच्या मुलांनी मधली सुट्टी समजून डबे संपवले. सातवीला गणिताच्या बाई दोनदा मिळाल्या, संस्कृतच्या मिळाल्याच नाहीत. संध्याकाळी मी गेले तर भाची डोळे पुसत होती. "संपलं गं मावशी. आता दाखला हातात देतील." जावईबापू गरम पाण्यात पाय सोडून बसलेले. "उद्या वरून खाली येऊ," एवढंच बोलले.

दुसऱ्या दिवशी ते वरून खाली आले, तर रेवा वर्गाच्या दारात उभी. बाकाखाली नाही, दारात. घंटा नव्हती ना. तिनं बापाच्या हातातला झेंडा काढून घेतला आणि पुढच्या वर्गाकडे चालू लागली. मग आठवडाभर तीच पुढे, हे मागे. दारात उभी राही आणि शिक्षक बाहेर पडेपर्यंत झेंडा खाली घेत नसे. विज्ञानाच्या सरांनी "बस, शेवटचं एक वाक्य," म्हणून विनवून पाहिलं. झेंडा हलतच राहिला. शनिवारी प्रिन्सिपॉलबेन उसळ वाढताना म्हणाल्या, "अमारा टीचरो पहेली वार टाइमसर नीकळ्या." म्हणजे त्यांचे शिक्षक पहिल्यांदाच वेळेवर वर्गाबाहेर पडले. घंटा गेली, वर्गावर्गात हिरवे दिवे लागले, आणि दाखला शाळेच्या कपाटातच राहिला.

यंदा रेवा दहावी झाली. मग शाळा सुटलीच. समितीचं अध्यक्षपद हरणी भागातल्या एका तरुण आईकडे गेलं, सभाही आता तिच्याकडे. झेंडा ह्यांनीच तिच्या हातात दिला, आणि तिच्या घराची दारं तिलाच दाखवून आले.

परवा शनिवारी मी सहज डोकावले. सभेची वेळ. जावईबापू इस्त्रीचा शर्ट घालून रिकाम्या खुर्च्यांसमोर बसलेले. भाची बाहेर गेली होती, रेवा खाली चित्र रंगवत होती. तिनं मान वर केली, बापाकडे बराच वेळ बघितलं.

"पप्पा बिचारे," म्हणाली.

जावईबापूंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तिखट की मध्यम?"

"तिखट."

दोघांनी हेल्मेटं चढवली आणि बाप-लेक स्कूटरवरून उसळ आणायला गेले. मी त्या खुर्च्यांमध्ये एकटीच. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच जावईबापूंकडून मला दारं दाखवायची राहून गेली. दोन्ही सताड उघडी होती.