अक्काचं भ्या

आमच्याकडे भूकंपानंतर कुणाचा दात दुखला तरी खापर भूकंपावरच फुटायचं. साखर वाढली, तर भूकंपापासून. जावई चिडका निघाला, तर त्यानंही भूकंप बघितलाय ना. दुकान बसलं, तेही त्याच्याच माथी. मला हसू यायचं, पण मीही त्यातलीच. माझ्या थोरल्या बहिणीच्या बाबतीत हे एकच उत्तर आम्ही इतकी वर्षं पुरवून पुरवून वापरलं, की दुसरा प्रश्न विचारायची गरज कुणाला वाटलीच नाही.

अक्का म्हणतो आम्ही तिला. किल्लारीच्या बाजूच्या एका गावात तिला दिली होती. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर माळवद, म्हणजे मातीचं सपाट छत. त्या पहाटे ते सगळं खाली बसलं. नवरा गेला. अक्काला दुपारी बाहेर काढली. तोंडावर एक फळी आडवी पडल्यामुळे श्वासापुरती जागा राहिली होती, एवढंच. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. वडील तिला लातूरजवळच्या मुरुडला आमच्या घरी घेऊन आले.

तेव्हापासून अक्का छताखाली टेकेना. जेवायची अंगणात, निजायची अंगणात, पाऊस आला तर गोठ्याच्या पत्र्याखाली. न्हाणीत गेली तरी दार उघडं, आणि बाहेर मी पाठ करून राखणीला. पुढे एका संस्थेनं लातुरात अशा बायकांसाठी दोन वर्ग काढले, एक शिवणाचा आणि एक पार्लरचा. वडिलांचा जीव शिवणात होता. पण शिवणाचा वर्ग सिमेंटच्या इमारतीत वरच्या मजल्यावर, आणि पार्लरचा मागच्या अंगणात पत्र्याच्या शेडखाली, तीन बाजूंनी मोकळा. अक्का सरळ शेडमध्ये जाऊन बसली. आमचे एक काका म्हणाले, "लोकांच्या भुवया कोरायला वाचली का ही?" अक्का म्हणाली, "या की काका, तुमच्यापासूनच सुरू करते."

तिच्या हातात कला होती हे नंतर कळलं. लातूरचं नाव बारावीच्या निकालांमुळे गाजायला लागलं, गल्लोगल्ली क्लासच्या पाट्या लागल्या आणि देवणीपासून उमरीपर्यंतच्या पोरी ट्रंका घेऊन शहरात उतरल्या. अक्कानं क्लासच्या रस्त्यावर एक गाळा घेतला. शटर कायम वर, मध्ये अर्धा पडदा, आणि अक्काची खुर्ची पडद्याच्या अलीकडे, जिथून रस्ता दिसेल तिथे. भुवया, मेंदी, केस कापणं. पोरी रडायलाही तिच्याकडेच यायच्या. ती त्यांना चहा पाजायची आणि वर दटावायचीही. आईबापापासून लांब असलेल्या मुलींना असं हक्कानं बोलणारं माणूस लागतं.

केस सरळ करायचं खूळ आलं ते याच पोरींमुळे. मला आधी वाटलं, नुसती हौस. पण एकीनं मला समजावून सांगितलं, "मावशी, कुरळ्या केसाला पाणी लई लागतं. होस्टेलला बादली एकच मिळती. अन् विंचरायला येळ कुणाला हाय?" लातूरच्या पाण्याचे हाल ज्यांनी बघितलेत त्यांना हे पटेल. हौस होतीच, पण तिला असं अभ्यासाचं कारण मिळालं की आईबापही नाही म्हणायचे नाहीत.

हैदराबादहून माल आणणारा एक एजंट अक्काकडे बाटल्या देऊन गेला. केसांना औषध चोपडायचं, वाळवायचं, मग तापलेली इस्त्री बटेबटेवरून ओढायची. ओढली की वाफ उठायची, पांढरी, झोंबणारी. बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं की यात फॉर्मलिन नाही. फॉर्मलिन काय असतं हे आम्हाला कुठं ठाऊक, पण नाही म्हणजे चांगलंच असणार. एजंटनं एक गोष्ट मात्र बजावली. रस्त्याची धूळ आणि वारा चालायचा नाही, आणि तीन-तीन तास कुणी उघड्यावर बसायचं नाही. काचेचं दार पाहिजे, एसी पाहिजे.

अक्कानं काचेचं दार बसवलं. पहिल्याच गिऱ्हाइकाला अर्ध्यावर सोडून ती बाहेर पळाली. शेजारच्या झेरॉक्सवाल्यानं तिला पायरीवर बसवून पाणी दिलं. आत ती मुलगी अर्धे केस सरळ, अर्धे कुरळे अशी आरशात बघत बसलेली. मी त्या दिवशी नांदेडहून आले होते. मला नांदेडला दिलंय, महिन्या-दोन महिन्यांनी माझी फेरी असायची. अक्का छातीला हात लावून म्हणाली, "भिंती अंगावर आल्या गं. दम कोंडला."

मग काय, सगळ्यांना कळलं. झेरॉक्सवाल्यालाही कळलं. भूकंप. बिचारी गाडली गेली होती ना, तिला बंद दार सोसायचं कसं? घरचे डॉक्टर होते त्यांनीही आधी भूकंपाची गोष्ट ऐकली, मान हलवली आणि मन शांत राहायच्या गोळ्या लिहून दिल्या. डोळ्यांतून पाणी यायचं, नाक चुरचुरायचं, ते औषध झोंबतं म्हणून. ते काय, कांदा चिरतानाही होतं. पण छाती आवळणं, धाप, दाराकडे धावणं, हे सगळं भ्या.

आता अक्का काही रडून बसणारी नव्हे. तिनं ठरवलं, हे भ्या मोडायचं. रोज दार लावून बसायची, गळ्यातलं इष्टलिंग मुठीत धरून नामस्मरण करत. दम कोंडला तरी उठायची नाही. जरा जास्त बसली की मला फोन करून सांगायची, आज इतका वेळ टिकले. मी म्हणायची, वा! खरंच वाटायचं मला. जमिनीखालून निघालेली बाई स्वतःच्या हिमतीनं बंद खोलीत बसायला शिकतेय, याचं कौतुक कुणाला वाटणार नाही? वडील तर पाहुण्यारावळ्यांत सांगत सुटले की माझ्या लेकीनं भूकंपाला हरवलं.

आणि ती जिंकलीही. तीन तास, चार तास, लग्नसराईत सबंध दिवस ती काचेच्या दारामागे राहायला लागली. खोकला कायमचा झाला, आवाज घोगरा झाला. कुणी विचारलं तर म्हणायची, "पोरींवर वरडून वरडून." खुर्चीतल्या एखाद्या पोरीला ठसका लागला, ती बाहेर जाऊन येते म्हणाली, तर अक्का तिच्या खांद्यावर हात दाबून म्हणायची, "बस गप. मी ढिगाऱ्याखालून निघाले, तुला एवढं सोसंना व्हय?" पोरगी ओशाळून बसायची. मी स्वतः बघितलंय हे, आणि हसलेही आहे.

ज्या गोष्टीची हळहळ मला आजही आहे, ती दिवाळीची. दिवाळीत क्लास बंद, म्हणून पार्लर बंद, म्हणून अक्का दरवर्षी माझ्याकडे नांदेडला. दोन दिवसांत खोकला बसायचा. गोदावरीच्या घाटाच्या पायऱ्या माझ्या आधी चढून वर उभी राहायची. आम्ही म्हणायचो, बहिणीकडे आली की बघा कशी खुलते. आणि निजायची कुठे? माझ्या आतल्या खोलीत. डासांमुळे खिडक्या बंद, दाराला कडी. एका भिंतीला चिकटून घोरायची खुशाल. जी बाई न्हाणीचं दार लावू देत नव्हती, ती कडी लावून झोपतेय. भ्या केव्हाच गेलं होतं तिचं. आपोआप, वयानं, काळानं, कशानंही. माझ्या डोळ्यांसमोर गेलं होतं आणि मला दिसलं नाही. दिवाळी संपवून ती परतायची आणि पहिल्याच दिवशी फोन, "आलं बघ परत भ्या. तुझ्या घरी कसं वाटत न्हाई?" मी म्हणायची, माझ्या घरी तुला माणसं आहेत ना.

उलगडा झाला तो माझ्या मुलीच्या हट्टापायी. घरात लग्न होतं आणि हिला केस सरळ करून हवे होते, तेही मावशीकडूनच. अक्का बाटली आणि इस्त्री घेऊन आली. घरात पाहुण्यांची गर्दी, म्हणून आम्ही गच्चीवर बसलो. वायर लांबवून घेतली. सकाळची वेळ, वर मोकळं आकाश, वारा अंगावर. अक्का मजेत होती, भाचीला चिडवत होती. तिनं इस्त्री ओढली, वाफ उठली, एकदा, दोनदा, आणि अक्का थांबली. इस्त्री खाली ठेवली. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून वाकली. श्वास आत जाताना शीळ घालत होता. ओठांचा रंग बदलला. माझी मुलगी डोक्यावर चिमटे तसेच ठेवून ओरडायला लागली.

मी सवयीनं म्हणाले, "अक्का, भिऊ नको." तिनं मान वर केली. चारी बाजूंना बघितलं, मग वर बघितलं. आणि तेवढ्या धापेतही म्हणाली, "कशाला भिऊ? इथं तर भिंतच न्हाई."

त्याच दिवशी तिला छातीच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. मी नेहमीप्रमाणे भूकंपापासून सुरुवात केली. बाईंनी हातानंच मला थांबवलं आणि अक्काला विचारलं, "काम काय करता?" इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी केला नव्हता. अक्कानं सांगितलं. सुट्टीत बरं वाटतं का? हो. कामावर गेलं की वाढतं? हो. नळीत फुंकर मारून घेतली. मग त्या शांतपणे बोलल्या. हा दमा आहे, आणि तो धंद्यातून आलाय. बाटलीवर काहीही छापलेलं असू दे, यातल्या बऱ्याच औषधांना इस्त्रीची आच लागली की फॉर्मलिनचाच वायू सुटतो. बंद खोलीत तो कोंडून राहतो. वर्षानुवर्षं घेतल्यानं तुमच्या श्वासनळ्या आता त्याच्यावर उठल्यात, थोडा वासही पुरतो. सुरुवातीलाच सोडलं असतं तर छाती बरीच भरून निघाली असती. आता जेवढी राहिलीय तेवढी सांभाळायची. या वायूनं कॅन्सरचा धोकाही वाढतो, तेव्हा नाकाघशाचं काही वाटलं तर अंगावर काढायचं नाही.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, रडेल. ती म्हणाली, "म्हंजे बाई, ते भ्या नव्हतं?"

"भीती असेलही थोडी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पण पळावंसं वाटत होतं ते बरोबर वाटत होतं."

"अन् माझ्या पोरी?" अक्कानं विचारलं. "ज्यांला मी दाबून बसविलं?"

एकदा-दोनदा आलेल्यांना एवढं होत नाही, वारंवार करणाऱ्यांचं सांगता येत नाही, असं काहीतरी त्या म्हणाल्या. रिक्षात बसल्यावर अक्का माझा हात धरून म्हणाली, "लेकरं म्हणत व्हती गं, बाहेर जाऊ द्या. ती शहाणी व्हती." त्या क्षणी मला त्या एजंटाचा राग आला, बाटलीवरच्या छापील अक्षरांचा आला आणि आम्ही सगळ्यांनी मिळून केलेल्या त्या कौतुकाचा सगळ्यात जास्त आला. कुणी तिला भित्री म्हणून पार्लर बंद करायला लावलं असतं तर ती आज धडधाकट असती.

अक्कानं बाटल्या फेकून दिल्या. काचेचं दार तसंच आहे, कारण आता बाहेरची धूळच तिला सोसत नाही. गिऱ्हाईक अर्ध्यावर आलं. ज्या पोरींना केस सरळ करायचेत त्यांना ती दारातच सांगते, करू नका. पोरी तिचं ऐकून घेतात आणि शेजारी जातात. दुसऱ्या बाजूच्या गाळ्यात आता एका बाईनं तेच सुरू केलंय. अक्का तिलाही सांगून आली. ती म्हणाली, "ताई, माझ्या बाटलीवर नाही असं लिहिलंय."

अक्काजवळ आता दम्याच्या औषधाचा पंप असतो. पण तिचं खरं दुखणं पंपाच्या पलीकडचं आहे. स्वतःच्या छातीवरचा तिचा विश्वास उडालाय. फोडणीनं ठसका लागला की ती थबकते आणि विचार करत बसते, हा दमा की मनाचा खेळ. इतकी वर्षं अंग ओरडत होतं तेव्हा तिनं त्याला गप्प बसवलं. आता ते काय म्हणतंय हेच तिला ओळखू येत नाही.

मागच्या आठवड्यात दुपारी तिचा फोन आला. आवाज तुटत होता. "शेजारून वास आल्यासारखा वाटूलालाय. छाती आवळून आलीय. हे भ्याचं हाय का दम्याचं, तूच सांग."

"तू कुठं आहेस?"

"आत."

"दार?"

"लावलंय. बघूलाले, किती येळ बसवतंय."

"अक्का, आधी बाहेर ये. कशानं झालं ते मग बघू. पंप घे आणि बाहेर ये."

"रस्त्यावर समदी लोकं हायेत गं," ती म्हणाली. "परत म्हणतील, भ्याली."

मी ओरडत होते. फोनमधून तिचा श्वास ऐकू येत होता, शीळ घालणारा, एकेक करून येणारा. दार उघडल्याचा आवाज मात्र येत नव्हता.