आतलं तर जाणार नाही ना?

आमच्या दुकानात बिघडलेल्या डिस्कची एक चळत आहे. फेकू फेकू म्हणता ती गुडघ्यापर्यंत आली. प्रत्येक डिस्कमागे एक माणूस आहे आणि माणसामागे एक किस्सा. चळत आवरायला बसलो की आम्ही किस्सेच सांगत बसतो, त्यामुळे चळत जिथल्या तिथे.

दुकान गोंदियात, रेल्वेलाइनीला लागून. काम, जुने कम्प्युटर दुरुस्त करणं. तुम्ही म्हणाल, आजकाल डिस्क कोण वापरतं? पेनड्राइव्हवरून विंडोज टाकता येतं हे आम्हालाही ठाऊक आहे हो! पण राइस मिल, सहकारी सोसायट्या, शाळा यांच्याकडून जी यंत्रं आमच्याकडे येतात, ती पेनड्राइव्हला ओळखसुद्धा दाखवत नाहीत. त्यांना डिस्कच लागते. म्हणून आम्ही अजून डीव्हीडी राइट करतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा पार्टनर राधे. राधे गिऱ्हाइकाशी हिंदीत बोलतो, माझ्याशी मराठीत, आणि डिस्क राइट होत असताना कुणाशीच नाही.

गिऱ्हाईक कुठलंही असो, प्रश्न एकच. "आतलं तर जाणार नाही ना?"

* * *

राधेचा एक नियम आहे. मालगाडी जात असताना डिस्क राइट करायला घ्यायची नाही. टेबल हादरतं आणि डिस्क बिघडते, असं त्याचं ठाम मत. आता गोंदिया म्हणजे जंक्शन. इथे मालगाडी जात नसते अशी वेळ शोधावी लागते.

एकदा याच लाइनीवरच्या दरेकशाचे एक काका डिस्कसाठी ताटकळले होते. तीन गाड्या गेल्या तरी राधेचं आपलं "जाने दो, जाने दो" चालूच. शेवटी काका म्हणाले, "तुमी आमच्या दरेकशाले येऊन कायले नाही लिहीत? तिथं गाड्याच थांबत नाही."

राधे म्हणाला, "रुकती नहीं, मगर गुजरती तो सब वहीं से हैं ना?"

"गुजरते जी. पण थांबत नाही, म्हणून आमी मोजत नाही."

* * *

नेटवरून विंडोज उतरवलं की एकच भलीमोठी फाइल मिळते. तिच्यापासून डिस्क तयार करायचा एक वेगळा प्रकार असतो. फाइल तशीच उचलून डिस्कवर टाकली तर कम्प्युटर तिच्याकडे ढुंकूनही पाहत नाही.

क्लास चालवणारे एक सर अशी डिस्क घेऊन आले. "फाइल तर आत दिसून राहिली, मग चालू काऊन नाही होत?"

मी म्हटलं, "सर, तुम्ही तांदळाचं पोतं न उघडता तसंच चुलीवर ठेवलंय."

सरांना पटलं. हसत गेले. दुसऱ्या दिवशी नवी डिस्क घेऊन हजर. त्यांनी रात्री ती फाइल उघडून आतल्या सगळ्या फाइली सुट्ट्या करून डिस्कवर टाकल्या होत्या. तीही चालत नव्हती. चालणारच नव्हती!

"पोतं तर सोडलं न मी!" सर जरा रागातच होते.

राधेने मला बाजूला घेतलं आणि म्हणाला, "तू आधी उदाहरणं देणं बंद कर."

* * *

एका सोसायटीतले बिसेनबाबू. माणूस सरळ, दिलेलं काम जसंच्या तसं करणारा. विंडोज कसं टाकायचं ते मी त्यांना फोनवर सांगितलं, "डिस्क टाका, कम्प्युटर पुन्हा सुरू करा, स्क्रीनवर कुठलंही बटण दाबा असं इंग्रजीत येईल, ते आलं की दाबा. पुढचं आपोआप होतं."

झालं असं की अर्धं काम झालं की कम्प्युटर स्वतःच बंद होऊन सुरू होतो आणि तोच मजकूर पुन्हा येतो. तेव्हा काही दाबायचं नसतं. दाबलं की सगळं पहिल्यापासून! हे सांगायला मी विसरलो. चूक माझीच.

संध्याकाळी फोन आला. "साहेब, हे किती वेळा कराचं असते?"

"का हो? किती वेळा केलं?"

"आता सातव्यांदा सुरू आहे."

"अहो बाबू, सात वेळा तेच तेच येतंय, तुम्हाला शंका नाही आली?"

बिसेनबाबू शांतपणे म्हणाले, "हपिसात एकदा करून कोणतं काम झालं आहे जी?"

* * *

एका राइस मिलच्या मुनीमजींनी दसऱ्याला सगळ्या यंत्रांची पूजा केली. मोटारींना, वजनकाट्याला, कम्प्युटरला कुंकू लावलं. शेजारी आमची विंडोजची डिस्क होती. तिलाही लावलं, आणि नेमकं चकचकीत बाजूला.

दिवाळीनंतर विंडोज टाकायची वेळ आली तर डिस्क लागेना. राधेने ड्राइव्ह खोलली. आतली काच लालभडक!

मी विचारलं, "मुनीमजी, लावायचं तर नाव लिहिलेल्या बाजूला तरी लावायचं!"

"अक्षरावर कसं लावू? सरस्वती असते ते."

राधे काच पुसत म्हणाला, "कुंकू अंदर तक पहुँच गया है।"

मुनीमजींनी तिथल्या तिथे हात जोडले.

* * *

आता गुरुजींचं सांगतो. मुर्री गावचे, शाळेतून निवृत्त झालेले. त्यांनी पाच वर्षं खपून आसपासच्या गावतलावांची माहिती लिहिली होती. कुठला तलाव कुणी बांधला, पाळ म्हणजे बांध कुणी घातला, पाण्याची पाळी कुणाकडून कुणाकडे जायची. हे सगळं गावोगावच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं. ऐकून चिठ्ठ्यांवर टिपायचं, घरी येऊन टाइप करायचं आणि चिठ्ठ्या चुलीत. कम्प्युटरमध्ये गेलं की कायमचं राहतं, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं.

एके दिवशी कम्प्युटर काळ्या स्क्रीनवर अडला. पुतण्या म्हणाला, "फॉरमॅट मारा आणि नवं टाका." नशीब, मारायच्या आधी गुरुजी दुकानात आले.

"आतलं जाईन का?"

हार्ड डिस्क कटकट आवाज करत होती. मी खोटं बोललो नाही. म्हटलं, "जाऊ शकतं, गुरुजी." ते स्टुलावर बसले.

एक उपाय होता. हार्ड डिस्कला धक्का न लावता नुसत्या डीव्हीडीवर चालणारी सिस्टिम असते. ती लावायची आणि यंत्र जिवंत आहे तोवर फाइल बाहेर काढायची. पहिली डिस्क अर्ध्यात थांबली. दुसरी लागलीच नाही. कटकट वाढत होती. ज्यांनी सांगितलं त्यातले चार म्हातारे आता राहिले नाहीत, हे गुरुजींनी आल्या आल्याच सांगितलं होतं. राधेने तिसरी डिस्क सगळ्यात कमी स्पीडवर राइट केली. ती लागली.

फाइल उघडली. गुरुजी स्क्रीनजवळ आले, एका नावावर बोट ठेवलं. "हा मागच्या साली गेला. माह्याशीच शेवटचं बोलला." आणि माणूस लहान मुलासारखा रडला. राधे उगाच पंखा साफ करत राहिला.

फाइलच्या दोन डिस्क करून दिल्या. बजावून सांगितलं, "आता एकाच जागी ठेवायचं नाही. एक इथे, एक तिथे."

महिन्याभराने गुरुजी परत आले. पिशवीत दोन जाडजूड वह्या. सगळंच्या सगळं हाताने उतरवलेलं, दोनदा! एक वही माझ्या पुढ्यात ठेवली. "तुमीच म्हटलं होतं, एकाच जागी ठेवाचं नाही. हे तुमच्यापाशी राहू द्या."

मी वही दोन्ही हातांनी घेतली. मग विचारलं, "आणि त्या दोन डिस्क, गुरुजी?"

"वावरात टांगल्या. धान लोंबीले आला आहे ना. पाखरं बिलकुल बसून नाही राहिले जी!"